नलूताईंची मागची भिंत

आमच्या शाळेतल्या बायकांच्या ग्रुपवर परवा कुणीतरी विचारलं, "बेसिनखालचा पाइप गळतोय, काय करू?" लगेच चार-पाच जणींनी प्लंबरचे नंबर टाकले. एकीने हात जोडलेलं चित्र टाकलं. पूर्वी असं व्हायचं नाही. पूर्वी सगळ्यात आधी नलूताईंचा आवाज यायचा. त्या टाइप करत नसत. चष्मा शोधण्यापेक्षा बोलणं बरं, असं त्यांचं म्हणणं. बटण दाबून धरायच्या, आणि मागे कोंबडी ओरडत असो नाहीतर त्यांचे यजमान, यांचं सुरू व्हायचं: "घाबरू नको. आधी बेसिनखालचा कॉक बंद कर. केलास? आता बादली ठिव. आता हात मागं घे आन् दोन मिनिटं नुसतं बघ, थेंब कुठनं येतोय. जितं पडतोय तितं न्हाय बघायचं, जितनं निघतोय तितं बघायचं."

त्या अजून ग्रुपवर आहेत. निळी खूण उमटते, म्हणजे वाचतात. पण बोलत नाहीत.

नलूताई इंदापूरला आमच्या शाळेत कार्यानुभव शिकवायच्या. मी तिथे पर्यवेक्षिका होते, म्हणजे वेळापत्रक, बदली तास आणि सगळ्यांच्या तक्रारी माझ्याकडे. कार्यानुभव हा विषय वेळापत्रकात उरलेल्या जागी बसवायचा असतो. बहुतेक ठिकाणी त्या तासाला कागदाची फुलं होतात, रुमालावर टाके पडतात आणि वर्षअखेरीला त्यांचं प्रदर्शन भरतं. नलूताईंच्या टेबलावर एक जुना पितळी नळ उघडून त्याचा एकेक भाग ओळीने मांडलेला असे, आणि शेजारी आठवीतली एक मुलगी उभी. कुणी विचारलं की ती तो नळ तिथल्या तिथे जोडून दाखवायची. एका वर्षी प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, "हे छानच आहे, पण मुलींनी काही कलात्मकही करावं." नलूताई टाळ्या वाजवता वाजवता माझ्या कानाशी आल्या. "ह्यांच्या घरी नळ गळतोय बगा. बायको रोज बोलत आसंल."

वर्गात त्या नेटकं, पुस्तकी मराठी बोलायच्या. पण हातात पक्कड आली की बावड्याचं माहेर तोंडात यायचं. आहेचं हाय व्हायचं, इथेचं हितं. मुलींनाही ते कळलं होतं. बाई 'हाय' म्हणायला लागल्या की आता खरं काम सुरू झालं, असं त्या समजत.

त्यांची पर्स हा स्टाफरूममधला एक विषय होता. तिच्यात रुमाल आणि किल्ल्यांबरोबर पक्कड, टेस्टर, नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेप, मेणबत्तीचं थोटूक आणि एक काड्यापेटी असायची. काड्यापेटी पाहून नव्याने आलेल्या शिपाईमामांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मॅडम, नलूताई बिडी पितात का हो?" मी ते नलूताईंना सांगितलं. त्या दुसऱ्या दिवशी मामांपाशी गेल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "मामा, एक द्या की, माझ्या संपल्यात." मामा पुढे कितीतरी दिवस त्यांना वळसा घालून जात.

त्या काड्यापेटीचा उपयोग काय, ते सगळ्या शाळेला एकदाच कळलं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी निखळली होती. रीतसर अर्ज गेला होता, तो पुढे कुठेतरी होता. नलूताई मधल्या सुट्टीत वर्गातून फिरायच्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की डबे रिकामे होतात आणि पाण्याच्या बाटल्या भरलेल्या तशाच घरी जातात. त्यांनी एका मुलीला विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "बाई, पाणी प्यालं की जावं लागतं."

नलूताई तशाच उठल्या. कडीच्या स्क्रूंची भोकं मोठी झाली होती, त्यामुळे स्क्रू नुसते फिरत होते. त्यांनी काड्यांचं गुल मोडून टाकलं, काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात ठोकल्या, वर आलेलं टोक मोडलं आणि गोंद सुकल्यावर त्याच कडीला तेच स्क्रू घट्ट बसवले. दाराबाहेर मुली पहारा दिल्यासारख्या उभ्या होत्या. शाळा सुटायच्या आत नलूताईंना मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं. मी तिथेच होते.

"परवानगी घेतली होती का, मॅडम?"

"न्हाय सर."

"शाळेची मालमत्ता आहे. उद्या काही झालं तर?"

"काय हुईल सर? दार लागंल."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वेळापत्रकाकडे पाहिलं.

"पण अर्ज गेलेला आहे. आता तो मागे घ्यावा लागणार."

"मग कडी परत काढून आणू का? तुमचा अर्ज खरा व्हायला पायजे."

सरांना हसू आलं होतं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. आठवड्याभराने त्यांनी स्वतःच नलूताईंना आत बोलावून टेबलाचा अडकणारा खण दाखवला. नलूताईंनी पर्समधून मेणबत्ती काढली, खणाच्या दोन्ही कडांना घासली आणि खण बोटाने ढकलून दाखवला. परवानगीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यांनी सांगितलेलं माझ्या घरी अजून चालतं. नळाचा वायसर बदलायचा तर दुकानदाराला वर्णन करत बसायचं नाही, जुना वायसर त्याच्या तळहातावर ठेवायचा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने नळाची जाळी बुजते, ती ठोकायची नाही. कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून त्यात रात्रभर टाकायची. न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीला वास येतो तेव्हा फिनेल ओतण्याआधी तिथल्या जाळीत तांब्याभर पाणी घालून पाहायचं, कारण खालच्या वाकणातलं पाणी आटलं की वास वर येतो. मिक्सर अचानक बंद पडला तर तो उलटा करून बुडाचं लाल बटण दाबायचं, आणि मग दुरुस्तीवाल्याचा विचार करायचा. पावसाळ्यात दार फुगून घासायला लागलं तर दिवाळीपर्यंत कळ काढायची. यावर त्या फार ठाम होत्या. "आत्ता रंधा मारलास तर उन्हाळ्यात फटीतनं मांजर येईल." विजेच्या बाबतीत एकच सांगायच्या: "मेन स्विच पाड. दिसतंय तेवढं काम तुझं, भितीच्या आतलं वायरमनचं. जे चुकलं तर जीव जाईल ते आपलं न्हाय." भिंतीला त्या कायम भित म्हणायच्या.

आणि त्यांच्या आयुष्यात एक भिंत होती.

त्यांचं घर वरकुट्याच्या पुढे, वस्तीवर. त्यांच्या यजमानांना सगळे तात्या म्हणत. नलूताई 'अहो' म्हणायच्या, आणि तात्या त्यांना मास्तरीण. ते घर बांधलं तेव्हा सगळं रान जिराईत होतं. ज्वारी व्हायची, आणि उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा. तात्यांनी भर काळ्या रानात जागा धरली, साधा पाया काढला, विटांच्या भिंती आणि वर स्लॅब. कोरड्या रानात त्याने भागत होतं. पुढे पाइपलाइनने पाणी आलं. त्या दिवशी तात्यांनी आमच्या स्टाफरूममध्ये पेढे पाठवले होते. आम्हाला वाटलं नातू झाला. नलूताई म्हणाल्या, "त्याच्याहून मोठं हाय. उसाला पाणी आलं."

मग ऊस आला, आणि घराच्या मागच्या भिंतीला टेकला. मधे पाऊलवाटसुद्धा ठेवली नाही. मागच्या खोलीची खिडकी उघडली की उसाची पानं आत यायची. आमच्या भागात ज्याच्या रानात उशिरा पाणी येतं तो माणूस हीच चूक करतो. भिजणारी जमीन हातभरसुद्धा मोकळी ठेवणं त्याला पाप वाटतं.

दोन-तीन वर्षांतच त्या भिंतीला लोणा लागला. आधी जमिनीलगत पिठासारखं पांढरं फुटलं, मग गिलाव्याचे पापुद्रे सुटले. नलूताई सकाळी केर काढायच्या त्यात रोज वाटीभर भिंत निघायची. एक दिवस त्या शाळेतून घरी गेल्या तर तात्यांनी भिंतीला कमरेपर्यंत टाइल्स बसवून घेतलेल्या. त्या दोघांचं भांडण त्यांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी डबा खाताना दोन्ही आवाजांत करून दाखवलं.

"अहो, ही भितीला चड्डी कशापायी घातली?"

"ओल दिसती का आता? सांग, दिसती का?"

"दिसत न्हाय. वर चढंल."

"कशी चढंल? टाइल हाय ती!"

"तुमी सदऱ्याची बटणं लावली म्हणून घाम यायचा थांबतो का?"

दिवाळीपर्यंत ओल टाइल्सच्या वर आली, खांद्याइतकी. तात्यांनी ती नीट पाहिली आणि म्हणाले, "मास्तरीण, अजून एक ओळ लावू."

नलूताईंनी स्वतः छिन्नी घेऊन सगळ्या टाइल्स काढल्या. मग प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर डकवला. दुसऱ्या दिवशी तात्यांना हाताला धरून तिथे नेलं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले होते. हवेतली ओल असती तर ते बाहेरच्या बाजूला आले असते. "बगा. भित पाणी पितीय. पाजतंय कोण ते खिडकी उघडून बगा."

तात्यांना समजलं नाही असं नव्हतं. पण समजून माणूस ऊस मागे घेत नाही. "पाण्याखालची जमीन मोकळी सोडू?" ते म्हणायचे. "लोक म्हणतील तात्याला जमीन जड झाली. जन्मभर आभाळाकडं बघितलंय मी, मास्तरीण. आता खाली बघायला लागलो तर तू भित दाखवती." हे भांडण त्यांच्या घरात वर्षानुवर्षं राहिलं, एखाद्या नातेवाइकासारखं. नलूताई दर उन्हाळ्यात गिलावा खरवडायच्या, नवा करायच्या, आणि पावसाळ्यानंतर तो फुगलेला बघायच्या. माझ्यासमोर एकदाच बोलल्या. "मला दुसरं काय न्हाय ओ पायजे. निवृत्त झाले की त्या खोलीत वस्तीवरच्या बायकांना गोळा करीन, आन् हे सगळं शिकवीन. त्यांच्या घरात नळ गळला तर त्या नवरा यायची वाट बघत बसत्यात. पण खोली तर पायजे ना उभी."

निवृत्तीच्या समारंभाला तात्या आले होते. कडक इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षिकेने कौतुकाने माइक त्यांच्यापुढे धरला. "तात्या, मॅडमना काय भेट दिली?" तात्या माइकपासून मागे सरकले, मग घसा साफ करून म्हणाले, "मागच्या चार सऱ्या दिल्या." सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. सगळ्यांना वाटलं, जमीन नावावर केली. नलूताईंचा चेहरा मी पाहिला. एवढ्या वर्षांत त्या कधी रडलेल्या मला माहीत नाहीत. तेव्हा त्या पदराने चष्मा पुसत राहिल्या, पुसून झाल्यावरही.

त्या उन्हाळ्यात मागच्या चार सऱ्यांतला, म्हणजे भिंतीलगतच्या चार ओळींतला, ऊस मुळासकट निघाला. भिंतीपासून थोडं सोडून नलूताईंनी ओढ्याकडे उतार देऊन चर काढून घेतला, त्यात दगड आणि मुरूम भरला. भिंतीचा सगळा सिमेंटचा गिलावा खरवडून विटा उघड्या पाडल्या आणि उन्हाळाभर तशाच ठेवल्या. सिमेंट ओल कोंडतं, चुना तिला बाहेर जाऊ देतो, असं सांगून गवंड्याकडून वरून चुन्याचा गिलावा करून घेतला. गवंडी कुरकुरला, "ताई, हे आता कोण करतं?" त्या म्हणाल्या, "तू. आज."

भिंत वाळली. ग्रुपवर नलूताईंनी टाकलेला एकुलता एक फोटो त्या भिंतीचा आहे. नुसती पांढरी भिंत, दुसरं काहीच नाही. कुणीतरी विचारलं, "ताई, फोटो चुकून गेला का?"

रविवारी दुपारी मागच्या खोलीत वर्ग भरायला लागला. मी एकदा गेले होते. सतरंजीवर सात-आठ बायका, मधे पाटावर नळ, प्लग, तुटक्या वायरीचं एक एक्स्टेन्शन बोर्ड. रंजना नावाची एक उंच, खळखळून हसणारी बाई नळ उघडत होती. आतून गंजका वायसर निघाला. तिने तो वर धरला.

"ताई, नवऱ्याचा वायसर बी बदलून मिळतो का?"

"जुना घिऊन दुकानात जा," नलूताई मान वर न करता म्हणाल्या. "तसलाच मिळंल."

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. बाहेर पडवीत बसलेले तात्या ओरडले, "आवाज कमी करा गं, म्हशी बुजत्यात!" आतून रंजना म्हणाली, "म्हशी न्हाय तात्या, तुमी बुजलाय." त्या दुपारी नलूताईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं. मला परत निघायची घाई होती, तरी मी बसून राहिले.

हे सगळं एक वर्ष टिकलं. कदाचित थोडं जास्त.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. कडक ऊन, उसाला पाण्याची पाळी लांबलेली, आणि मागचा चर वाहत होता. पावसाचा थेंब नसताना त्यात स्वच्छ पाणी चाललं होतं. त्यांनी मला बोलावलं नव्हतं, पण मी रविवार पाहून गेले. वर्ग नव्हता. भिंतीच्या खालच्या अंगाला बोटभर पांढरी रेघ उठली होती. "चला," त्या म्हणाल्या, "वर जाऊन येऊ."

वरच्या अंगाला भानुदासरावांचं रान. त्यांनी मोठं शेततळं केलं होतं. आम्ही बांधावरून चढून गेलो तेव्हा ते मोटरीपाशी उभे होते. पोरांसारखे उत्साही गृहस्थ. तळं बघायला कुणी आलं की त्यांना आनंदच व्हायचा.

"भानुदासराव, तळ्यात खाली कागद घातलाय ना?" नलूताईंनी विचारलं. शेततळ्यातल्या जाड प्लास्टिकला इकडे कागदच म्हणतात.

"हाय की. उंदरानं कुठं फाडला आसंल तर म्हायीत न्हाय. का ओ ताई?"

"माझ्या घरात पाणी येतंय."

भानुदासराव हसले. वाईट हसले नाहीत. "ताई, पाणी येतंय म्हणून तक्रार करणारं माणूस मी ह्या तालुक्यात पयल्यांदाच बघतोय. माझा बा पाण्यासाठी मोर्च्यात जाऊन आला होता."

"माझा बी."

"मग?"

भानुदासरावांनीच मग आवाज खाली आणला. "कागद बघतो मी. खरंच बघतो. पण तेवढ्यानं न्हाय भागायचं. माझं तळं बंद केलं तर वरच्या कालव्याच्या चारीचं काय? पल्याडच्या उसाचं? आमच्या गोठ्यात परवा मेख ठोकली तर भोकात पाणी आलं. सगळं रानच खालनं भरलंय."

ते शब्दाला जागले. तळं उपसून कागद नीट करून घेतला. चर वाहायचा थांबला नाही.

आम्ही तळ्यावर गेलो त्या दिवशी नलूताई बांधावर बराच वेळ उभ्या राहिल्या. चारी बाजूंना ऊस, मधे मधे चकाकणारी तळी, लांबवर दुसऱ्या गावापर्यंत हिरवं. फार सुंदर दिसत होतं, ते सांगायला हवं. त्या बघत राहिल्या. मी वाट पाहत होते, की आता त्या सांगतील आधी काय करायचं. त्या म्हणाल्या, "चला, चहा घिऊ."

घर तरीही त्यांनी सोडलं नाही. सुटला तो वर्ग. एका रविवारी बायका आल्या तेव्हा कुणालाच नळात रस नव्हता. एकीने विचारलं, "ताई, आमच्या भितीला बी लोणा लागलाय. काय करायचं?" दुसरी म्हणाली, "आमच्या देव्हाऱ्यापाठीमागं पण." नलूताईंनी त्यांना चर सांगितला, चुना सांगितला, मग मधेच थांबल्या. रंजनाने नंतर मला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "ताईंनी हातातला नळ खाली ठिवला ओ. मग म्हणल्या, माझ्याच घरी चाललं न्हाय, ते तुमाला कशाला सांगू. मी म्हणलं, आवो मग वायसरच शिकवा की! तर म्हणल्या, भित पडायला आल्यावर नळ काय करायचाय." पुढच्या रविवारी बायका आल्या आणि दाराला कुलूप होतं. ग्रुपवरचा त्यांचा आवाज बंद झाला तोही त्याच सुमारास.

चार सऱ्या पुन्हा लावायचं तात्यांनी नाही सुचवलं. ते उलट हट्टाला पेटले होते, "दिल्या म्हंजी दिल्या." नलूताईंनीच लावायला लावल्या. "आता काय फरक पडतोय? निदान ऊस तरी हुं द्या." पण तो ऊसही झाला नाही. पिवळा, खुरटा, गुडघ्याएवढा राहिला. जमिनीवर मिठासारखा पांढरा थर धरला. जमीन खारवून चोपण झाली होती. तात्यांनी तो ऊस काढून टाकला आणि तिकडे बघायचंच सोडलं.

मग तात्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. न्हाणीघर जवळ म्हणून त्यांचा पलंग मागच्या खोलीत हलवावा लागला. मुलगा पुण्याला असतो, तो आला, डॉक्टर केले, चला म्हणाला. अकराव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट आहे. तात्यांनी डावा हात हलवून नाही म्हटलं, आणि मुलाने विचारलं तेव्हा नलूताईंनीही. गवंडी येऊन भिंतीला बाहेरून लाकडी टेकू देऊन गेला. भिंत मधोमध बाहेर फुगली होती. तो म्हणाला, पाडून बांधा. नलूताईंनी विचारलं, त्याच जमिनीवर?

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते या मे महिन्यात. आता मी बारामतीला असते. वडगाव निंबाळकरला माहेरी लग्न होतं, ते उरकून दुसऱ्या दिवशी बारामतीला न थांबता मुद्दाम पुढे नलूताईंकडे गेले. दार उघडंच होतं. मागच्या खोलीत नलूताई पदर खोचून स्टुलावर उभ्या होत्या आणि भिंतीला चुना लावत होत्या. पलंगावर तात्या झोपले होते, भिंतीकडे तोंड करून. भिंतीचा खालचा भाग काळपट ओला होता. हात लावायची गरज नव्हती, दिसत होतं. त्यांनी तिथला सुटलेला गिलावा काढून, चुन्यात काहीतरी घट्ट कालवून भोकं बुजवली होती, आणि त्यावर कुंचल्याने हात देत होत्या. काम नेहमीसारखंच बारकाईचं. कडा नीट, कोपरे नीट, फरशीवर खाली वर्तमानपत्रं.

मी हळूच म्हटलं, "ताई, ओल्या भिंतीवर चुना?"

त्या स्टुलावरून उतरल्या आणि मला खुणेने स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. हात धुतले. हाताची त्वचा चुन्याने फाटली होती.

"म्हायतीय मला," त्या म्हणाल्या. "पंधरा दिसात फुगंल. मग परत लावायचा."

"मग कशाला?"

"त्येंच्या अंगावर पापुद्रा पडला की त्ये रडत्यात." त्या चहाचं आधण ठेवत होत्या, माझ्याकडे पाठ करून. "बोलता येत न्हाय नीट. तरी म्हणत्यात, माझ्या उसानं तुझं घर खाल्लं. रोज म्हणत्यात. मी सांगितलं, भानुदासरावाचं तळं हाय, चारी हाय, सगळं रानच हाय. त्येंच्या डोक्यात बसत न्हाय. इतकी वर्सं मीच म्हणत हुते ना तसं. मीच बसवलंय त्येंच्या डोक्यात."

चहा झाला. मी बशीत काढून तात्यांना द्यायला आत गेले, नलूताई मागून आल्या. तात्या जागे झाले होते. त्यांचे डोळे भिंतीवर फिरत होते, वरपासून खालपर्यंत, अगदी सावकाश. पांढरी स्वच्छ भिंत होती. चुन्याचा ओला वास खोलीभर होता.

"मास्तरीण," ते म्हणाले. शब्द तोंडातच गोळा होत होते. "वाळ... वाळली का?"

"व्हय," नलूताई म्हणाल्या. "वाळली की. तुमी चार सऱ्या सोडल्या न्हाय का. वाळली."

तात्यांचा चेहरा एका बाजूने हसला. मग त्यांचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला आणि भिंतीकडे निघाला, हात लावून बघायला.

नलूताईंनी माझ्या हातातली बशी पाहिली नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. त्या वाकल्या, पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली आणि पलंग तात्यांसकट हातभर अलीकडे ओढला.

"हितं पंख्याचा वारा लागंल जरा," त्या म्हणाल्या.

लाइट सकाळपासून गेलेली होती.